आज्जीच्या डब्यातली नाणी: भाव कसा काढायचा आणि कसा विचारायचा

आज्जी गेल्यावर तिच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली, बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत एक्केचाळीस नाणी. राणीछाप आणि राजाचे रुपये, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, चार-पाच शिवराया, आणि एक नाणं ज्यावरची अक्षरं घरात कुणालाच वाचता येईनात. मी काय केलं? चिंच लावून सगळी घासली, आरशासारखी लख्ख केली, आणि त्यातले नऊ रुपये एका पेढीवर चांदीच्या वजनावर विकून आलो. त्या नवांत एक १९११चा होता. त्या सालाला काय किंमत असते हे मला दोन वर्षांनी कळलं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात असे डबे घरोघरी आहेत. डब्यातलं विकायला निघालेल्यांसाठी आणि आवड लागून नाणी घ्यायला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. नाण्याला एक भाव नसतो, दोन असतात. व्यापारी ज्या भावाला घेतो तो एक आणि ज्या भावाला देतो तो दुसरा. या दोहोंतलं अंतर त्याला सांगता आलं आणि तुम्हाला पटलं, तर तो भाव रास्त.

पायरी १: हात आवरा

नाणं धुऊ नका. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, पितांबरी यांतलं काहीही नको. तांब्यावरचा काळपट-तपकिरी थर आणि चांदीवरची करडी झाक ही नाण्याची कातडी आहे. ती गेली की जाणकाराला भिंगातून घासल्याचे बारीक चरे दिसतात, आणि तो "साफ केलेलं आहे" म्हणून भाव निम्म्यावर आणू शकतो. घासल्यावर ते परत येत नाही. माती असेल तर साध्या पाण्यात ठेवा आणि न चोळता मऊ कापडावर टिपून घ्या, तेवढं पुरे.

धरताना कडेने धरा. मऊ, चिकट प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. काही वर्षांनी त्यातून हिरवट चिकटा सुटतो आणि नाण्याला खातो.

सोबत एवढं सामान हवं:

- ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा
- दहापट दाखवणारं भिंग (सोनारांकडचं चालतं)
- व्यास मोजायला कॅलिपर
- एक साधं लोहचुंबक
- कागदी पाकिटं आणि पेन्सिल
- एक वही

पायरी २: ओळख पटवा

व्यापारी नाणं हातात घेऊन चार गोष्टी बघतो: कुणाचं, कुठलं साल, कुठली टांकसाळ, कुठला धातू. तुम्हीही त्याच क्रमाने वहीत लिहा.

आपल्या डब्यांत सगळ्यात जास्त निघतो तो ब्रिटिश रुपया. त्याचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. १८३५पासून १९३९पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी असते, १९४०पासून १९४५पर्यंत फक्त ५० टक्के. १९४७चा वाघाचा रुपया तर शुद्ध निकेलचा. त्याला लोहचुंबक चिकटतं. बरेच जण ते बघून "खोटं आहे" म्हणून टाकून देतात, पण निकेल चुंबकाला चिकटतंच.

टांकसाळीची खूण बारीक असते. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला फुलाखाली बारीक ठिपका असेल तर मुंबई, काहीच नसेल तर कलकत्ता. स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांवर सालाखाली बघा: हिरा म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काही नसेल तर कोलकाता. एकाच सालातलं एका टांकसाळीचं नाणं रद्दीच्या भावात जातं आणि दुसऱ्या टांकसाळीच्या नाण्यासाठी लोक भांडतात, असंही होतं.

आता आपल्या भागाचं. शिवराई म्हणजे तांब्याचा पैसा: एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". आपल्याकडे निघणाऱ्या बहुतेक शिवराया महाराजांच्या काळातल्या नसतात. पेशवाईत आणि पुढेही त्याच धर्तीची नाणी पाडली जात होती; त्यातल्या मजकुरामध्ये दोन आडव्या रेघा असलेल्यांना दुदांडी म्हणतात. घरात "महाराजांच्या वेळचं" म्हणून जपलेलं नाणं दुदांडी निघालं की मन खट्टू होतं, माझंही झालं. पण भाव भावनेवर ठरत नाही.

दुसरं म्हणजे आझमनगर. मोगलांनी बेळगावला दिलेलं हे नाव. जुन्या, फारसी अक्षरांच्या रुपयांवर टांकसाळीचं नाव असतं, पण ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्यामुळे नेमकं नाव किंवा साल काठाबाहेर गेलेलं असतं. अशा रुपयात टांकसाळीचं नाव पूर्ण वाचता येतंय की नाही यावरच मोठा फरक पडतो. आपल्या गावच्या टांकसाळीचं नाणं गावातच एखाद्याला हवं असतं. तेही ध्यानात ठेवा.

आणि गोवा. माझ्या डब्यातलं न वाचता येणारं नाणं पोर्तुगीज रुपिया होतं. १८८१पासूनचा हा रुपिया वजनाला ब्रिटिश रुपयाइतकाच असतो. लोंढा-खानापूरकडच्या घरांत असली नाणी निघतात, कारण येणं-जाणं आणि लग्नसंबंध तिकडचेच.

पायरी ३: तळभाव काढा

धातूची किंमत हा तळ. याखाली कुणी चांदीचं नाणं मागत असेल तर पुढं बोलूच नका. हिशेब तोंडी करता येतो:

- १९३९पर्यंतचा रुपया: ११.६६ ग्रॅम × ०.९१७ = सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी
- १९४०–४५चा रुपया: ५.८३ ग्रॅम
- १९६९चा गांधीजींचा दहा रुपयांचा शिक्का: १५ ग्रॅम, ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम

समजा चांदी ग्रॅमला शंभर रुपये आहे (आकडा सोपा म्हणून घेतला, त्या दिवशीचा खरा भाव टाका). तर पहिल्याचा तळ १,०६९, दुसऱ्याचा ५८३, तिसऱ्याचा १,२०० रुपये. झिजलेल्या नाण्याचं वजन कमी भरतं, म्हणून काट्यावरचं खरं वजन धरा.

तांबं, निकेल, पितळ यांत तळभाव नाहीच म्हणा. तिथं जे काही मिळतं ते फक्त दर्जा आणि मागणी यांचं.

पायरी ४: दर्जा

याच ठिकाणी नवखा सगळ्यात जास्त फसतो. सालाचा आकडा सगळ्यांना वाचता येतो, झीज वाचता येत नाही.

व्यापारी इंग्रजी अक्षरांत बोलतात: यूएनसी म्हणजे चलनात न गेलेलं, मग झीज वाढत जाईल तसं एयू, एक्सएफ, व्हीएफ, एफ, आणि खाली जी, म्हणजे नुसती आकृती कळते इतपत. अमेरिकेतल्या तपासणी कंपन्या १ ते ७० असे गुण देऊन नाणं प्लास्टिकच्या बंद डबीत घालतात, त्याला आपल्याकडे "स्लॅब" म्हणतात. साध्या रुपयाला स्लॅब करायचा खर्च नाण्याहून जास्त होतो, त्या नादी लागू नका.

झीज कुठं बघायची? नाण्याच्या उंच भागावर. राणीच्या रुपयावर केसांच्या बटा आणि छातीवरची नक्षी आधी सपाट होते. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुट, कान, मिशी, आणि झग्यावरचा बारीक हत्ती. हत्तीचा कान आणि सोंड भिंगातून सुटी दिसत असेल तर नाणं फार फिरलेलं नाही. मागच्या बाजूला फुलांच्या पाकळ्या वेगवेगळ्या दिसतात का बघा. उजेड बाजूने पाडा आणि नाणं हळू फिरवा. चलनात न गेलेल्या नाण्यावर झळाळी चक्रासारखी फिरते. पॉलिशची चमक मात्र जागच्या जागी राहते. हा फरक कागदावर नीट सांगता येत नाही. दहा चांगली आणि दहा घासलेली नाणी एकाच दुपारी बघा, मग डोळा आपोआप शिकतो.

झग्यावरच्या हत्तीवरून १९११चा किस्सा. त्या सालच्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, बरीच नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२पासून हत्ती सुधारला. म्हणून "डुक्कर रुपया" शेजारच्या सालांपेक्षा महाग. माझा मी तोळ्यावर विकला.

उणं काय काय धरलं जातं तेही ऐका:

- कडी किंवा टाका. आपल्याकडं रुपयाचे हार, पुतळ्याची माळ, लमाण्यांच्या कपड्यांवरची नाणी हे सगळं होतं. कडी काढून टाका घासला तरी काठावर खूण राहते. असं साधं नाणं धातूच्या भावातच जातं.
- भोक, आणि त्याहून वाईट म्हणजे भरलेलं भोक.
- सराफाची पारख. जुन्या रुपयांवर सराफांनी मारलेले बारीक ठसे असतात. मोगल-मराठा रुपयांवर ते चालून जातात, राणीछापावर भाव उतरतो.
- साफसफाई. पायरी एक.

पायरी ५: "किती मागतात" सोडा, "कितीला गेलं" बघा

मोबाईलवर १९४०च्या रुपयाचे कुणी पाच लाख मागतो. मागायला काय जातंय? वैष्णोदेवीचा पाच रुपयांचा शिक्का, शेवटी ७८६ असलेली नोट, यांचे लाखांचे व्हिडिओ गावोगाव फिरतात. तो शिक्का २०१२ सालचा, लाखोंनी पाडलेला आहे.

खरा आकडा लिलावाच्या निकालात असतो. मुंबईत तोडीवाला, बेंगळुरूत मरुधर अशा लिलाव कंपन्या आपले निकाल छापतात, फोटोसकट. त्यात तुमच्यासारखं नाणं शोधा: तेच साल, तीच टांकसाळ, आणि मुख्य म्हणजे तोच दर्जा. एकाच निकालावर विसंबू नका. दोघे हट्टाला पेटले की भाव कुठल्या कुठं जातो. तीन-चार निकाल घ्या आणि सगळ्यात वरचा सोडून द्या.

हेही बघा की छापलेला आकडा हातोडा पडल्याचा, म्हणजे शेवटच्या बोलीचा आहे की त्यात घेणाऱ्याचं प्रीमियम आणि जीएसटी धरलेला आहे. घेणाऱ्याला वरून भरावं लागतं, देणाऱ्याच्या हातात कमिशन कापून येतं. लिलावात भाग घ्यायला पॅन, आधार आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा.

आणखी एक गैरसमज: जुनं म्हणजे महाग. तसं नसतं. १८४० साल असलेला रुपया १८६२पर्यंत त्याच सालाने पाडत होते आणि १८६२ हे सालही पुढं कित्येक वर्षं गोठवून ठेवलं होतं. त्यामुळे ते रुपये ढिगानं आहेत. उलट १९३९चा रुपया त्या मानाने कालचा, पण इतका दुर्मीळ की त्याच्या नावाने खोटे बनतात.

पायरी ६: व्यापाऱ्याचं गणित त्याच्याच बाजूने मांडा

पहिल्यांदा मला वाटायचं, दुकानदार लुटतो. मग एका जाणत्या काकांनी मला शनिवारी त्यांच्या टेबलामागं बसवून घेतलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीस-चाळीस माणसं आली, बघून गेली, घेतलं दोघांनी.

व्यापारी असा विचार करतो. साधा, झिजलेला १९१८चा रुपया आज घेतला तर उद्या विकता येतो, त्या काळात ते कोट्यवधींनी पाडले होते आणि घेणारे नेहमी असतात. म्हणून तिथं तो चांदीच्या भावाच्या जवळपास देतो आणि थोडं वर ठेवून विकतो. अंतर कमी. उलट आझमनगरचा रुपया घेतला तर गिऱ्हाईक यायला वर्ष लागेल, पैसे अडकून पडतील, उद्या कुणी "हे खोटं" म्हणून परत आणलं तर निस्तरायचं. म्हणून तिथं अंतर जास्त. त्यात दुकानभाडं, प्रदर्शनाच्या टेबलाचं भाडं, प्रवास. हे सगळं खरं आहे. पण त्याच कारणाने साध्या रुपयातही कुणी मोठं अंतर ठेवत असेल तर ते पटण्यासारखं नाही.

म्हणून नाणं घेताना एकच प्रश्न विचारा: "हेच नाणं मी पुढच्या महिन्यात परत आणलं तर कितीला घ्याल वो?" कन्नड बोलणारा असेल तर कन्नडमधून विचारा, भाव बदलतो असं मी म्हणत नाही, पण चहा नक्की येतो. सरळ व्यापारी आकडा सांगतो आणि का ते सांगतो. "घ्या हो, कशाला परत आणताय" असं हसून टाळणाऱ्याकडून मी काही घेत नाही.

विकताना उलट करा. आकडा आधी आपण बोलायचा नाही. तीन ठिकाणी दाखवा, प्रत्येकाला तीच नाणी, त्याच क्रमाने. बेळगावच्या शहापुरातल्या सराफ गल्लीत चांदीचा भाव कळेल, संग्राहकाचा कळेल असं नाही. ते दोन वेगळे धंदे आहेत.

आणि जागा निवडा. आपण तीन बाजारांच्या मध्ये बसलोय. शिवराईला पुणे-कोल्हापूरकडं गिऱ्हाईक, विजयनगरचे होन (सोन्याची नाणी) आणि टिपूच्या हत्तीच्या पैशाला बेंगळुरूकडं, पोर्तुगीज रुपियाला चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात. माझा रुपिया बेळगावात दोघांनी चांदीवर मागितला होता. पणजीत त्याच्यापेक्षा बराच वर गेला, येण्या-जाण्याचा खर्च धरूनही.

पायरी ७: खोट्याची पारख

- वजन आणि व्यास आधी. अर्धा ग्रॅम इकडं-तिकडं झालं की थांबा.
- ओतीव नाण्याच्या काठावर शिवण दिसते, पृष्ठभागावर बारीक छिद्रं, आणि अक्षरं साबणासारखी गुळगुळीत.
- पाण्याची परीक्षा: काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. दोऱ्याने बांधलेला रुपया बुडवा, तळाला टेकू देऊ नका. चांगल्या राणीछापाला काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवतो. १.३च्या आसपास गेला तर चांदी नाही. (दोरा बारीक घ्या, मी सुतळी घेऊन अर्धा तास डोकं खाजवत बसलो होतो.)
- १९३९च्या रुपयात वजन-चांदी सगळं बरोबर असतं, कारण खऱ्या रुपयाचाच शेवटचा आकडा कोरून बदललेला असतो. भिंगाने ९भोवतीची जागा बघा. असं नाणं तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय घेऊच नका.
- एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला "ईस्ट इंडिया कंपनी १८१८": हे कंपनीने कधीच चलनात काढलेलं नाही. जत्रेतला माल आहे. कुणी "तांदूळ ओढतं" म्हणून दाखवलं तर पाय काढता घ्या.
- शिवराई होन, म्हणजे महाराजांचं सोन्याचं नाणं, कुणी दाराशी आणून देत नाही.

पायरी ८: कायदा, थोडक्यात

शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या पुतण्याला "आठवण" म्हणून पाठवू नका. शेतात नांगरताना किंवा घराचा पाया खणताना सापडलेली नाणी तुमची नसतात. आपल्याकडं १९६२चा कर्नाटकाचा गुप्तधन कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शेतातलं म्हणून कुणी स्वस्तात देत असेल तर घेणाराही अडकतो. रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेत नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क मागत नाही; ऑगस्ट २०२१मध्ये बँकेने तसं जाहीरही केलं. "तुमच्या नाण्याला पंचवीस लाख मंजूर, आधी नोंदणीचे अडीच हजार पाठवा" असा फोन आला की ठेवून द्या. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी पाठवले होते, दोनदा.

पायरी ९: व्यवहाराच्या दिवशी

पावती घ्याच. "जुना शिक्का १ नग" असली नको. राजा, साल, टांकसाळ, वजन, दर्जा आणि "खोटं निघाल्यास परत" एवढं लिहून घ्या. लिहून द्यायला कुरकुर करणारा पुढं ओळख देत नाही.

नाणी विकायला नेताना सगळा डबा नेऊ नका. डबा बघितला की एकगठ्ठा भाव होतो आणि त्या गठ्ठ्यात तुमचं चांगलं नाणं दडपून जातं. वजनावर जाणारी एका पिशवीत, वेगळी दाखवायची एकेक पाकिटात.

घरी आल्यावर प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने चार ओळी: काय आहे, किती ग्रॅम, कितीला घेतलं, कुणी कितीला परत मागितलं. ही चौथी ओळ दर वर्षी दिवाळीत मी नव्याने विचारून लिहितो. आज्जीच्या डब्यातली एकतीस अजून आहेत. चिंचेने घासलेल्यांवर आता कुठं थोडी करडी झाक चढायला लागली आहे.